खिळ्याखालची रेघ

मी एक जुने घडीचे भिंग आहे. मित्रांनो, मिटलेले असताना मला पाहिलेत तर तुम्ही मला भिंग म्हणून ओळखणारही नाही. काडेपेटीहून लहान, कडांना झिजलेला पितळेचा एक चपटा तुकडा, एवढेच माझे रूप. पण माझ्या दोन बिजागऱ्या उघडल्या की खाली पाय, मध्ये पाठ आणि वर काच असा मी ताठ उभा राहतो. माझ्या पायात इंचभर लांब आणि इंचभर रुंद अशी एक चौकोनी खिडकी कापलेली आहे. त्या खिडकीत जे येईल ते मी मोठे करून दाखवतो. खिडकीबाहेरचे मला काही दिसत नाही. हे आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण पुढे जे घडले ते बरेचसे त्यामुळेच घडले.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा कापून, घासून माझे अंग घडवले आणि खिडकीच्या काठावर बारीक रेघा कोरल्या. पितळेत तांबे असते, तेव्हा तांबे माझ्या रक्तातलेच म्हणायचे. माझी काच घासणारा कारागीर मोठा तिरसट होता. मनासारखी न झालेली काच तो सरळ टोपलीत फेकून देई. माझ्या वाट्याची काच त्याने उजेडात धरली, बराच वेळ न्याहाळली आणि नुसता खाकरला. त्या कारखान्यात यालाच शाबासकी समजत.

तेथून मी एका कापडगिरणीत आलो. तपासणी खात्यात, मोठ्या खिडकीखालच्या उतरत्या टेबलापाशी, एक तरुण बाई उभी असे. तिला मी या गोष्टीत आत्याच म्हणणार आहे, कारण पुढे ज्या घरी मी राहिलो तिथे मला तीच हाक ऐकू येई. मागावरून उतरलेला प्रत्येक तागा तिच्यापुढे उलगडला जाई. ती मला कापडावर ठेवी, काचेला डोळा लावी आणि सुईच्या टोकाने माझ्या खिडकीतले उभे-आडवे धागे मोजी. धागे भरले की तागा पुढे जाई. कमी पडले की त्यावर लाल शिक्का बसे आणि तो परत जाई. विणकर तिला पाठीमागे काय काय म्हणत, ते मी इथे सांगत नाही.

त्याच गिरणीत आत्याचा थोरला भाऊ माग चालवीत असे. एके दिवशी त्याचा तागा तिच्या टेबलावर आला. धागे कमी होते. तिने पुन्हा मोजले. मला उचलून दुसरीकडे ठेवले आणि तिथेही मोजले. मग तिने शिक्का उचलला आणि मारला. त्यानंतर कितीतरी दिवस भाऊ तिच्याशी बोलला नाही. दोघे एकाच घरात राहत, एकाच टेबलाशी जेवत, आणि मीठ हवे असले तरी भाऊ आपल्या बायकोला सांगे, “तिला म्हणावं, मीठ दे.” मीठ त्याच्या स्वतःच्या कोपराशीच असे.

भावाची लहान मुलगी हे सगळे टकामका पाहत होती. ती सदा कुठल्या ना कुठल्या झाडावर चढलेली असायची, म्हणून घरात तिला खारू म्हणत. तिने एकदा आत्याला एकटी गाठली.

“बाबांच्या कापडावर तू शिक्का का मारलास?”

“धागे कमी होते म्हणून.”

“पण ते बाबांनी विणलं होतं ना?”

“ते कुणीतरी अंगात घालणार होतं, खारू. विरलं असतं तर त्याला थंडी वाजली असती. विणणारा माझा भाऊ आहे, हे त्याला काय ठाऊक?”

खारूला हे पटले की नाही, कोण जाणे. तिने मला उचलले, आपल्या गुडघ्यावरची खपली माझ्यातून पाहिली आणि “ईऽ!” करून ओरडली. ती आमची पहिली ओळख.

गिरणीत कापसाची बारीक भुकटी सतत हवेत तरंगत असे. ती माझ्या काचेवर बसे तेव्हा आत्या मला फुंकर मारून साफ करी. पण तिच्या छातीत ती बसत होती, तिथे कोण फुंकर मारणार? हळूहळू तिला धाप लागू लागली. जिना चढताना ती मध्येच थांबे आणि काहीतरी आठवल्यासारखे करी. शेवटी तिला काम सोडावे लागले. निघताना गिरणीने मला तिच्या हाती दिले. पुढे भाऊ गेला, त्याच्या मागोमाग वहिनीही गेली, आणि त्या घरात आत्या आणि खारू अशा दोघीच उरल्या.

खारू मोठी झाली तरी झाडांवरून काही उतरली नाही. शहरातल्या बागा, मैदाने आणि रस्त्याकडेची झाडे कशी जगतात, याचा अभ्यास करणारी ती संशोधक झाली. एका संशोधन संस्थेत ती कामाला लागली त्या सकाळी आत्याने मला एका सुती दोरीत ओवून तिच्या गळ्यात घातले.

“धागे मोजून मोजून माझे डोळे गेले,” ती म्हणाली. “याचा अजून शाबूत आहे. जपून वापर.”

आता मी दगडफुलांकडे येतो. झाडांच्या सालीवर आणि जुन्या भिंतींवर राखाडी, पोपटी, पिवळट चट्टे असतात, ते तुम्ही नक्की पाहिले असतील. तेच दगडफूल. नाव फूल, पण ते फूल नाही आणि झाडही नाही. एक बुरशी आणि एक शेवाळ यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हातून अन्न तयार करते, आणि दोघांचे इतके छान जमते की पाहणाऱ्याला तिथे दोघे आहेत हे कळतही नाही. दगडफुलाला मुळे नसतात. जे प्यायचे ते हवेतून आणि अंगावरून ओघळणाऱ्या पावसातून. चांगले आले तर चांगले, विष आले तर विष, त्याला नाही म्हणण्याची सोय नाही. म्हणून हवा बिघडली की माणसाच्या आधी ते त्याला कळते.

खारूने मला पहिल्यांदा सालीवर टेकवले तेव्हा मी चक्रावून गेलो. आयुष्यभर मी सरळ धागे पाहिले होते. इथे सरळ असे काही नव्हतेच. चुण्या होत्या, झालरी होत्या, इवल्याशा वाट्या होत्या, आणि एका वाटीत तर एक किडा आरामात झोपला होता. खारू कितीतरी वेळ डोळा हलवीना. मला त्या दिवशी फार आनंद झाला. म्हातारपणी नवे काही पाहायला मिळेल, असे मला वाटले नव्हते.

शहराच्या मधोमध, जुन्या रुग्णालयाच्या मागे, एक बाग होती. खारूचे बहुतेक काम तिथेच चाले. बागेच्या कुंपणाला लागून रस्ता होता आणि कुंपणाच्या आत मोठ्या झाडांची एक ओळ होती. त्या ओळीखालच्या एका बाकावर आत्या रोज संध्याकाळी येऊन बसे. घरापासून थांबत थांबत, भिंतीला हात लावत ती येई. बाकावर टेकल्यावर हळूहळू तिच्या छातीतली शिट्टी कमी होई.

“इथे आलं की छातीवरचा तागा कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटतं,” ती म्हणे. खारू जवळच्या झाडाशी मला सालीवर धरून उभी असे आणि मान न वळवता म्हणे, “बोलू नकोस गं, मी मोजतेय.”

मोजण्याची तिची रीत मोठी कडक होती. प्रत्येक झाडावर तिने एकेक जागा ठरवली होती. दर वर्षी त्याच जागी मला टेकवायचे आणि माझ्या खिडकीत किती दगडफूल आहे ते पाहायचे. जागा तसूभरही हलता कामा नये. नेमकी जागा सापडावी म्हणून झाडावर एक खिळा ठोकायचा, त्याला आकड्याचा बिल्ला अडकवायचा आणि खिळ्याच्या बरोबर खाली मला धरायचे. सुरुवातीचे लोखंडी खिळे गंजून गळून पडले. तेव्हा खारूने हौसेने तांब्याचे खिळे आणि तांब्याचेच बिल्ले करवून आणले. तांबे लोखंडासारखे गंजून झडत नाही. झाडाझाडावर ते नवे बिल्ले चमकू लागले आणि मला उगाच माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

त्यानंतर वर्षे गेली आणि माझ्या खिडकीतले दगडफूल कमी होऊ लागले. पहिल्यांदा झालरींच्या कडा पांढुरल्या. मग मध्ये भोके पडली. मग नुसती साल दिसू लागली. एकाच नाही, सगळ्याच झाडांवर. त्याच वर्षांत रस्त्यावरची वाहनेही वाढली होती. खारूने दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या आणि तिच्या मनात धस्स झाले.

नेमका तेव्हाच रस्ता रुंद करण्याचा बेत पुढे आला. कुंपण आत घ्यायचे, कुंपणालगतची झाडांची बाहेरची ओळ तोडायची. त्या ओळीखालीच आत्याचा बाक होता. खारूने कंबर कसली. बागेची हवा आधीच बिघडत चालली आहे आणि दगडफुले मरत आहेत, तेव्हा रस्ता आणखी आत आणू नका, असे तिने लिहिले, व्याख्याने दिली. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, ‘दगडफुलांची डॉक्टर’ असे खाली छापले होते. फोटोत मीही होतो, तिच्या गळ्यात. आसपासचे लोक तिला रस्त्यात थांबवून हात हातात घेत. रस्त्याचा निर्णय करणाऱ्या समितीपुढे सुनावणी ठरली. संस्थेतले तिचे विभागप्रमुख म्हणाले, “तुमचे आकडे इतके स्वच्छ आहेत की त्यांना बोलायला जागाच उरणार नाही.” मला त्या दिवसांत फार अभिमान वाटत होता. एवढ्या मोठ्या कामात आपला डोळा उपयोगी पडला, हे कुणाला आवडणार नाही?

सुनावणी जवळ आली असताना एका दुपारी पावसाने आम्हाला बागेत गाठले. खारू नखशिखांत भिजली. तिच्या अंगात पांढरा शर्ट होता आणि मी तिच्या छातीवर लोंबत होतो. घरी येऊन तिने ओले कपडे काढून टाकले आणि मला खिडकीत वाळत ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या शर्ट हातात घेऊन आली.

“हे काय करून आणलंस? चांगल्या शर्टाची वाट लावली! दोनदा साबण लावला तरी निघत नाही.”

“शाई असेल गं.”

“शाई हिरवी कशी? हे बघ, इथून सुरू झालंय आणि खाली ओघळलंय. तुझ्या त्या भिंगाचं आहे हे. त्याच्या बिजागरीला कळंक चढलाय.”

आत्याने शर्ट दोरीवर पसरला आणि पुटपुटत आत गेली. खारू चहाचा कप घेऊन तिथेच उभी राहिली. पांढऱ्या कापडावर, बरोबर मी लोंबत होतो तिथे, एक हिरवट डाग होता. डागाच्या खाली एक रेघ सरळ ओघळत गेली होती. डागाच्या वर काही नव्हते. उजवीकडे, डावीकडे काही नव्हते. पाणी मला लागून जिथून वाहिले होते, फक्त तिथे रेघ होती.

तिचा कप ठेवताना बशीवर आपटला. मला खिडकीतून उचलून ती घरातल्या चपलांवरच बाहेर पडली.

बागेत पहिल्याच झाडाशी तिने मला खिळ्याखाली न धरता खिळ्याच्या वर धरले. तिथे दगडफूल होते. दाट, पोपटी, झालरी सुटलेले. उजवीकडे धरले, तिथेही होते. डावीकडेही. फक्त खिळ्याखाली, दोन बोटांएवढ्या रुंदीची एक फिकट रेघ पार मुळापर्यंत गेली होती आणि त्या रेघेत काही जिवंत नव्हते. ती दुसऱ्या झाडाकडे गेली, तिसऱ्याकडे गेली. प्रत्येक खिळ्याखाली तशीच रेघ. पाऊस पडला की तांब्यावरून पाणी ओघळत होते, आणि तांब्याचे पाणी दगडफुलाला विष असते. खारू ज्यांना मोजत होती त्यांनाच तिचे खिळे मारत होते. आणि ती इतकी शिस्तीची की एवढ्या वर्षांत तिने मला एकदाही बोटभर बाजूला सरकवले नव्हते.

संध्याकाळी आत्या बाकावर आली तेव्हा खारू तिथेच, झाडाच्या बुंध्याशी बसलेली होती. कपडे मातीने भरले होते.

“मीच मारलं त्यांना, आत्या,” ती म्हणाली. मग तिने सगळे सांगितले. “तू धागे मोजताना भिंग उचलून दुसरीकडेही ठेवायचीस. मी लहानपणी पाहिलं होतं ते. आणि मला कसं सुचलं नाही?”

आत्याचा श्वास ताळ्यावर यायला वेळ लागत होता.

“हे समितीपुढे सांगितलं तर आपली बाजू पडली म्हणून समज,” खारू पुढे म्हणाली. “रस्ता इथवर येईल. हा बाकसुद्धा राहणार नाही.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“कुणाला कळायचं नाही. खिळ्याच्या वर कोण बघायला जातंय!”

आत्याने हात पुढे केला. खारूने मला तिच्या तळहातावर ठेवले. कितीतरी वर्षांनी मी त्या हातात गेलो होतो. तो आता सुरकुतला होता, पण माझी बिजागरी उघडण्याची त्याची लकब तशीच होती.

“दोष कुठे निघाला?” आत्याने विचारले.

“माझ्याच कापडात.”

“मग मला काय विचारतेस?”

खारू रडू लागली. आत्याने तिला रडू दिले. नंतर मला मिटून तिच्या हातात परत देत ती म्हणाली, “बाकाचं मी बघेन. तू ऊठ आता, माती झटक.”

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी सगळे ऐकून घेतले आणि दार लोटून घेतले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनाही ती बाग हवी होती.

“हे सगळं आत्ताच सांगायची काय घाई आहे? पुढच्या वर्षी दुरुस्ती म्हणून छापू,” ते म्हणाले. “बाग वाचवायचीय ना तुम्हाला?”

“हो, सर.”

“मग?”

खारू अंगठ्याने माझी बिजागरी घासत राहिली. “ते लोक माझे आकडे खरे धरून निर्णय घेणार आहेत, सर,” ती एवढेच म्हणाली आणि बाहेर आली.

सुनावणीचे सभागृह खच्चून भरले होते. खारूच्या छातीची धडधड मला दोरीतून जाणवत होती. उभी राहून तिने सरळ सांगितले की आकडे बरोबर आहेत, पण त्यांचे कारण चुकले आहे. दगडफुले हवेने मेली नाहीत, तिच्याच खिळ्यांनी मेली. क्षणभर कुणाला काही कळलेच नाही. मग मागे कुणीतरी हसले. बागेच्या बाजूने आलेल्या एका गृहस्थांचा चेहरा लाल झाला.

“बाई, तुम्ही आमच्या बाजूच्या आहात की त्यांच्या?” ते उठून म्हणाले. खारूने खाली पाहिले. तिला ते लागले होते.

रस्ते खात्याचे एक अभियंते समोर बसले होते. कानामागे पेन्सिल खोवलेला, मोजके बोलणारा माणूस. त्यांनी विचारले, “म्हणजे रस्त्याचा या दगडफुलांना त्रास नाही, असं धरायचं?”

“तसंही नाही. काल मी सगळ्या बाजूंनी पाहिलं. बाहेरच्या ओळीतल्या झाडांवर रस्त्याकडच्या अंगाला ती फार कमी आहेत. बागेकडच्या अंगाला भरपूर. मला वाटतं, ती झाडं धूर अडवून धरतात.”

“वाटतं, की नक्की?”

एक शब्द पुरला असता. तो शब्द खारूच्या ओठांपर्यंत आला होता, हे तिच्या गळ्याजवळ असल्यामुळे मला ठाऊक आहे.

“एकदाच पाहिलंय,” ती म्हणाली. “नक्की नाही म्हणता येणार.”

अभियंत्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि ते लिहून घेतले.

बाहेरची ओळ गेली. आतली बाग तेवढी राहिली. झाडे तुटायच्या आधी खारूने हातात पक्कड घेऊन एकेक खिळा उपटून काढला. जी झाडे दुसऱ्या दिवशी पडणार होती त्यांचेही काढले. का, ते मला तेव्हा कळले नाही, पण तिला अडवावेसेही वाटले नाही.

आत्याने बाकाचे बघितले, म्हणजे काय केले, तर एकदाही तक्रार केली नाही. बाक उचलून बागेच्या पार आत ठेवला होता. तिथवर चालणे तिला झेपेना. काही दिवस ती जाऊन आली, मग एक दिवसाआड, मग घरातल्या खिडकीशी बसू लागली. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. छाती जुनीच खराब होती, असे डॉक्टर म्हणाले. खारूने त्यांना विचारले, “पूर्वीच्या बाकावर बसत राहिली असती तर?” डॉक्टर म्हणाले, “तसं काही सांगता येत नाही.” तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यांनी तेच उत्तर दिले.

मित्रांनो, त्यानंतर मी टेबलाच्या खणात गेलो. खारूने मला रागाने ठेवले नाही. गळ्यात घालायला घेतले की तिचे डोळे भरून येत, म्हणून ठेवले. खणात वाळलेली पेने होती, कशाच्या कुणास ठाऊक अशा किल्ल्या होत्या, आणि एक तुटका चष्मा होता, तो सारखा आपल्या नंबराबद्दल बोले. माझ्या बिजागरीवर हिरवा थर चढला, काच धुरकट झाली. टेबलावर नवे यंत्र आले होते, ते सालीचे चित्र थेट पडद्यावर दाखवी. त्याची घरघर मला वरून ऐकू येई. मला राग आला नाही, असे म्हणणार होतो; पण आला होता. खूप आला होता. आत्याची आठवण काय फक्त तिलाच येत होती?

खारूने मात्र काम सोडले नव्हते. हे मला पुढे कळले. आता ती खिळा ठोकत नसे. जागा ओळखायला झाडाभोवती सुती दोरी बांधी आणि चारही बाजूंनी, वर आणि खाली, सगळीकडे पाही. एका वर्षी नाही, दर वर्षी. तिचे केस पांढरे होईपर्यंत ती पाहत राहिली.

आणि मग उरलेल्या बागेत गाड्या उभ्या करण्यासाठी जागा करायचे ठरले. त्या सुनावणीच्या सकाळी खण उघडला. खारूने मला बाहेर काढले, आत्याच्या जुन्या रुमालाने माझी बिजागरी घासून घासून पुसली, काचेवर फुंकर मारली आणि मला गळ्यात घातले. ती फुंकर थेट आत्यासारखी होती.

सभागृह तेच होते. मधल्या खुर्चीत तेच अभियंते होते, आता समितीचे अध्यक्ष झालेले. केस विरळ झाले होते, पेन्सिल कानामागे होतीच. खारूने इतक्या वर्षांचे पाहिलेले मांडले. बाहेरची ओळ तुटल्यावर तिच्यामागच्या दुसऱ्या ओळीच्या रस्त्याकडच्या अंगावरची दगडफुले कशी गेली, ती ओळ धूर कशी अडवते, आणि तिच्यामागे, रुग्णालयाच्या खिडक्यांकडे, ती अजून कशी टिकून आहेत, सगळे सांगितले. आवाज चढवला नाही. गाड्यांच्या बाजूचे एक जण मध्येच म्हणाले, “या बाईंचं काय ऐकायचं? मागे यांनी स्वतःच चुकल्याचं कबूल केलं होतं.”

“म्हणूनच ऐकायचं,” अध्यक्ष म्हणाले. मग त्यांनी खारूकडे पाहिले. “नक्की?”

“नक्की,” खारू म्हणाली.

त्यांनी पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. दुसरा प्रश्न विचारला नाही. बाग राहिली.

बाहेर जिन्यावर लोक तिच्याशी बोलायला थांबले होते. मागे तिच्यावर लाल झालेले ते गृहस्थही काठी टेकत उभे होते. त्यांनी बाजूला होऊन तिला आधी उतरू दिले. पण खारू कुणापाशी थांबली नाही. ती सरळ बागेत आली, आत हलवलेल्या बाकाजवळच्या झाडाशी. तिथे खिळ्याचे भोक अजून होते, सालीने जवळजवळ मिटत आणलेले. भोकाखालची ती फिकट रेघही होती. माझी बिजागरी उघडून तिने मला रेघेवर टेकवले आणि काचेला डोळा लावला.

आम्ही दोघांनी ते एकदमच पाहिले. रेघेच्या मधोमध एक राखाडी ठिपका होता. मोहरीच्या दाण्याहून लहान, पण त्याच्या एका कडेला झालर सुटायला लागली होती.

“आत्या,” खारू हळूच म्हणाली, “आलं बघ.”

मग काचेवर काहीतरी ओले पडले आणि मला पुढचे नीट दिसले नाही.

आता मी पुन्हा तिच्या गळ्यात असतो. माझ्या काचेवर एक चरा आहे, पाठ थोडी वाकली आहे, पण खिडकी अजून चौकोनी आहे. तुमच्यापैकी कुणाच्या हाती मी उद्या येईन, सांगता येत नाही. आलो तर मला कोरडे ठेवा, बिजागरीवरचे हिरवे पुसत जा, काचेला फुंकर मारा. आणि मित्रांनो, मला कशावर टेकवून पाहिलेत की तिथेच थांबू नका. मला उचला आणि शेजारीही ठेवून बघा. मला स्वतःहून सरकता येत नाही.